स्कॉलरशिप ‘संस्था स्तर पर लंबित’ : फी आता भरावी की थांबावं?

मंजिरी_सुदामानगर
नमस्कार मंडळी. पाच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची वेळ आज आली. विषय रुक्ष आहे, पण इथे इंदूर-ग्वाल्हेरकडचे बरेच जण आहेत म्हणून विचारते.
मुलगी इंदुरातल्याच एका खाजगी कॉलेजात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावी एमपी बोर्डातून, ८८ टक्के. जेईई मेनचा रँक दीड लाखाच्या आत होता म्हणून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत बसली. पहिल्या वर्षाचे पैसे रडतखडत का होईना, तिच्या खात्यात आले. यंदा नूतनीकरणाचा फॉर्म ऑगस्टमध्येच भरला. आज नोव्हेंबर संपत आला. पोर्टल उघडलं की तेच वाक्य : ‘संस्था स्तर पर लंबित’. मला आता स्वप्नातसुद्धा दिसतं.
कॉलेज म्हणतं, १५ डिसेंबरच्या आत पूर्ण फी भरा, नाहीतर परीक्षा फॉर्म उघडणार नाही. ‘स्कॉलरशिप आली की तुम्हालाच मिळणार ना, मग काळजी कसली?’ फी ९२ हजार. अहो एका कारखान्यात हिशेब बघतात, धाकटा दहावीला आहे. सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी ठेवलेली एफडी मोडली तर होईल. पण भरली आणि नंतर पैसे आलेच नाहीत तर? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा. भरू की थांबू?

जीरावण
लंबित म्हणजे लांबलेले. भाषांतर फुकट. बाकी जाणकार येतीलच, मी पोहे घेऊन बसतो.

नाना_राजेंद्रनगर
मंजिरीताई, एफडी मोडा आणि भरून टाका. मुलीच्या परीक्षेशी जुगार नको. पैसा आज ना उद्या येतो, गेलेलं सेमिस्टर येत नाही. माझ्या दोन्ही मुलांचं शिक्षण मी कुठल्याही योजनेशिवाय केलं. सकाळी शिकवण्या, संध्याकाळी दुकानाची वह्यापानं. सरकारच्या भरवशावर बसलो असतो तर दोघं आज कुठे असते कोण जाणे.

महूकर
नाना, आदर राखून विचारतो. तुमच्या मुलांची वर्षाची फी किती होती?

नाना_राजेंद्रनगर
थोरल्याची अकराशे रुपये. १९९१ ची गोष्ट.

महूकर
बस्स. पुढे काही बोलत नाही.

टवाळ_तबेला
अकराशेत आता कॉलेजचं ओळखपत्र आणि गळ्यातली दोरी मिळते. दोरी पुढे वर्षभर कामाला येते.

स्नेहल_के
@मंजिरी, आधी समग्र आयडीचं (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीतल्या क्रमांकाचं) ई-केवायसी झालंय का ते पाहा. आमचं त्यातच अडकलं होतं. आणि आधारला कुठलं बँक खातं जोडलंय तेही. बाकी रात्री सविस्तर लिहिते, आता ऑफिसात आहे.

पुण्याहून_पराग
आमच्याकडे महाडीबीटीवर सगळं एका ठिकाणी होतं. तुमच्याकडे तसं नाही का? कुठल्या टेबलावर अडकलंय ते तिथेच कळतं.

जीरावण
ताईंनाही कळतंय की राव, कॉलेजच्या टेबलावर अडकलंय. अडकलेलं दिसणं आणि सुटणं यांच्यामध्ये जे असतं त्याला इकडे ‘चक्कर’ म्हणतात. तुमच्याकडे हेलपाटे म्हणत असतील.

फाइलवाला
एकतीस वर्षं एका सरकारी कॉलेजच्या कार्यालयात काढली, त्यातली शेवटची अकरा छात्रवृत्ती शाखेत. म्हणजे सगळे ज्याला शिव्या देतात तो ‘बाबू’ मीच. हव्या तर आधी देऊन घ्या, मग वाचा.
ताई, ‘संस्था स्तर पर लंबित’चा अर्थ साधा आहे. तुमचा फॉर्म कॉलेजच्या फाटकाबाहेर पडलेलाच नाही. तेव्हा भोपाळच्या नावानं खडे फोडण्यात सध्या अर्थ नाही. तुम्ही फॉर्म लॉक केलात की तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये जाऊन पडतो. तिथे कोणीतरी बसून तो उघडायचा, मार्कशीट, फीची पावती, आयप्रमाणपत्र (उत्पन्नाचा दाखला) ताडायचं आणि पुढे सरकवायचा. हा ‘कोणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा एखादा तरुण सर असतो. त्याला विचारून कोणी हे काम दिलेलं नसतं. प्रयोगशाळा त्याची, निरीक्षण समिती आली की पळापळ त्याची आणि वर चारशे फॉर्म. तो नोकरी सोडून गेला तर लॉगिनचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल पुण्यात. हसू नका, हे झालेलं आहे.
आता उपयोगाचं. मुलीला म्हणावं, वर्गातल्या बाकीच्या मेधावीवाल्या मुलांचं स्टेटस विचार. सगळ्यांचंच अडकलं असेल तर घोळ कॉलेजचा आहे. त्यांनी यंदाच्या वर्षाची फी पोर्टलवर चढवली नसेल किंवा लॉगिनचंच लचांड असेल. तिच्या एकटीचंच अडकलं असेल तर घोळ तिच्या कागदात आहे. दोन्हींवरचं औषध वेगळं. हे न विचारता लोक थेट १८१, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइन लावतात आणि महिना घालवतात.
आणि एक गोष्ट, जी कार्यालयात कोणी तोंडानं बोलत नाही. कॉलेजला घाई कधी असते? पैसे त्याच्या खात्यात यायचे असतात तेव्हा. पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात यायचे असतील आणि फी पालकानं आधीच भरली असेल, तर त्या फॉर्ममध्ये कॉलेजचं अडलेलं काहीच उरत नाही. मग तो ढिगाच्या तळाशी जातो. कोणी मुद्दाम करतं असं नाही, पण जातो. म्हणून नानांशी मी असहमत. पूर्ण फी भरू नका. थोडी भरा, बाकीची भरायची आहे हे त्यांना रोज आठवत राहू द्या.

नाना_राजेंद्रनगर
आणि त्यांनी परीक्षेला बसू दिलं नाही तर? तुम्ही निवृत्त झालात, मुलगी नाही झाली.

फाइलवाला
बरोबर आहे तुमचं. म्हणूनच ‘थोडी भरा’ म्हटलं, ‘भरू नका’ नाही म्हटलं. सोबत प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यायचा : स्कॉलरशिपचा फॉर्म अमुक तारखेला लॉक केला, तो आपल्या स्तरावर प्रलंबित आहे, पोर्टलच्या पानाची प्रत जोडली आहे, तोपर्यंत इतकी रक्कम स्वीकारून परीक्षा फॉर्म भरू द्यावा. आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज आणि भिंतीला सांगितलेलं गाऱ्हाणं सारखंच. ‘आपल्या स्तरावर’ हे दोन शब्द विसरू नका, ते वाचून प्राचार्य खुर्चीत सरळ बसतात.

टवाळ_तबेला
फाइलवालेकाका, हे अकरा वर्षं आधी सांगितलं असतंत तर आमच्या पिढीचं कल्याण झालं असतं.

फाइलवाला
तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे होतो ना भिया.

अनामिका२२
मी सध्या शिकतेय, बीएस्सी तिसरं वर्ष. माझी मेधावी नाही, केंद्राची आहे, राष्ट्रीय स्कॉलरशिप पोर्टलवरची. बारावीत बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीला वर्षाला १२,००० मिळतात. तिथे आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी, काढावा लागतो, त्यात फोनसमोर चेहरा दाखवून डोळे मिचकावायचे. हॉस्टेलच्या खोलीत ट्यूबलाइट फडफडत होती. ते ॲप म्हणे चेहरा ओळखू येत नाही. मी गॅलरीत, जिन्यात, शेवटी दुपारी बारा वाजता गच्चीवर गेले. तेव्हा एकदाची मी मीच आहे हे सिद्ध झालं.
पण सांगायचं वेगळंच होतं. आमच्या वर्गातल्या एकीनं केंद्राची आणि राज्याची अशा दोन्ही भरल्या. ‘जी आधी येईल ती घेऊ’ म्हणाली. एका वेळी एकच घेता येते, हे तिला कळलं तेव्हा मोठी हातची गेली होती आणि छोटी आली होती. तेव्हा काकू, वाट बघता बघता दुसरीकडे कुठे फॉर्म भरून ठेवू नका.

मंजिरी_सुदामानगर
सगळ्यांचे आभार. मुलीनं ग्रुपवर विचारलं. तिच्या शाखेतल्या नऊ मेधावी मुलांपैकी सात जणांचं पुढे गेलंय. ही आणि आणखी एक मुलगा असे दोघंच राहिलेत. म्हणजे फाइलवालेकाकांच्या हिशेबानं घोळ आमच्या कागदात. पण कॉलेजात विचारलं तर ‘सर्व्हर चल रहा नहीं’ एवढंच. सातांच्या वेळी चालला होता बहुतेक.
गंमत म्हणजे तो दुसरा मुलगाही मराठीच आहे.

जीरावण
हा कट आहे. होळकर गेले आणि असे दिवस आले.

स्नेहल_के
थांबा थांबा. गंमत नाही, ‘दुसराही मराठी’ वाचून माझी ट्यूब पेटली. मंजिरी, मुलीच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर नाव कसं आहे? नुसतं नाव-आडनाव, की मध्ये वडिलांचं नाव? आणि आधारवर?
आमच्या लेकाचं सांगते. इकडे शाळेत नाव घातलं तेव्हा मास्तरांनी इकडच्या रीतीनं नाव-आडनाव लिहिलं. वडिलांच्या नावाला वेगळा रकाना असतोच. आधार काढलं ते नाशिकला माहेरी, सुट्टीत. तिथल्या माणसानं तिकडच्या रीतीनं तिन्ही नावं सलग टाकली. दहा वर्षं कोणाला पत्ता नाही. मग समग्रचं ई-केवायसी केलं आणि समग्रमध्येही आधारवरचं तीन शब्दांचं नाव आलं. मार्कशीटवर दोन शब्दांचं. पोर्टलच्या लेखी हे दोन वेगळे मुलगे! आजोबांचं नाव जपायला आपण कौतुकानं नातवाला ठेवतो, इथे बापाचंच नाव आडवं आलं.
माझी तर आणखी तऱ्हा. लग्नानंतर नाव बदललेलं, त्यामुळे मार्कशीटवर आई एक आणि समग्रच्या कुटुंबात आई दुसरी.

महूकर
याला +१. आमच्या वाड्यात तर ‘ळ’ची वेगळीच मजा. हिंदी कागदावर काळे काले होतात, जोगळेकर जोगलेकर होतात. इंग्रजीत दोन्ही सारखंच म्हणून वाचतात बिचारे.

बडोद्याचा_वासू
आमच्याकडे हा प्रश्न कमी. गुजरातेत नावात वडिलांचं नाव घालतातच, फक्त आडनाव आधी येतं. आमच्याकडे वेगळी भानगड : मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना. २०१५ ला आली, ८० पर्सेंटाइल लागतात, उत्पन्न ६ लाखांपर्यंत. ऑनलाइन भरून झालं की हेल्प सेंटरवर जाऊन कागद दाखवायचे. पुतण्यासोबत गेलो होतो. सकाळी नऊला रांगेत उभे, दीडला खिडकी, आणि खिडकीवर कळलं की सोगंदनाम्याची (शपथपत्राची) प्रत हवी तशी नाही. शेजारच्या टपरीवर गेलो तर तिथे पन्नास नमुने तयार. पानवाल्याला नियम पाठ, आम्हाला नाही.
रच्याकने, बडोद्याला असताना हे म्हटल्याशिवाय राहवत नाही. १९१३ साली सयाजीरावांनी आंबेडकरांना अमेरिकेला धाडलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ना ओटीपी, ना हेल्प सेंटर. माणूस पाहिला, शिकायची इच्छा पाहिली आणि दिले.

टवाळ_तबेला
महाराज स्वतःच एल-फोर होते, म्हणजे हेल्पलाइनच्या भाषेत सगळ्यात वरचे अधिकारी. त्यांच्या वर फॉरवर्ड करायला कोणी नव्हतं.

महूकर
वासूभाऊ, गोष्ट छान आहे, पण अर्धीच सांगितलीत. बाबासाहेबांचा जन्म आमच्या महूचा, १८९१ चा, म्हणून उरलेली अर्धी मी सांगतो. ती स्कॉलरशिप काही नुसत्या इच्छेवर मिळाली नव्हती, करारावर सही होती. परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. १९१७ मध्ये ते त्या करारापोटी बडोद्याला आले. नोकरी मिळाली, पण शहरात कोणी राहायला जागा देईना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. महाराजांची सही खाली चपराशापर्यंत पोचली नाही. आजही योजना वर मोठी असते आणि खिडकीपाशी येईपर्यंत तिचं काय होतं ते बघता.
धाग्याशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे. माझ्या मुलीची पोस्ट-मॅट्रिक आहे, अनुसूचित जातीची. तिच्यासाठी डिजिटल जातप्रमाणपत्र हवं. ते हवं तर आमचं कुटुंब १९५० मध्ये याच भागात राहत होतं याचा कागद हवा. ओबीसींना १९८४ चा चालतो, आम्हाला १९५० चा. हा मध्य प्रदेश तयार झाला १९५६ ला, आणि आम्ही त्याच्या आधीपासून इथले असल्याचं आम्हीच दाखवायचं. आजोबा महूच्या छावणीत कामाला होते म्हणून एक पिवळा पडलेला कागद आत्याच्या पेटीत सापडला. ज्यांचे आजोबा खानदेशातून १९५५ ला गिरणीत कामाला आले, त्यांची नातवंडं इथेच जन्मली, इथेच शिकली. त्यांनी काय करायचं? माझ्या मावसभावाचं घर असं आहे. धड जळगावचे नाहीत, धड इंदूरचे नाहीत. पोरगी ९१ टक्केवाली, आता खुल्यातून मेधावी भरतेय.

बडोद्याचा_वासू
महूकर, बरं झालं सांगितलंत. बाहेर काढल्यावर बाबासाहेब ज्याच्याखाली बसले ते झाड कमाटीबागेत दाखवतात, मी लहानपणापासून तिथे भेळ खातोय. माझं वाक्य मागे घेतो.

पुण्याहून_पराग
१९५० च्या कागदाचं माहीत नव्हतं. आमच्याकडेही तारखेचा दाखला लागतोच, पण तो राज्य बदललेल्याला किती जड जात असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

संपादक_मंडळ
चर्चा उत्तम चालली आहे, फक्त मूळ प्रश्नाकडे लक्ष असू द्यावं. महू-बडोदा विषयावर वेगळा धागा काढल्यास स्वागत आहे.

जीरावण
आले, निरीक्षण समिती आली. सर, फॉर्म पुढे सरकवा.

बँकेतला_बापू
मी दुसऱ्या टोकाचं सांगतो. फॉर्म सगळीकडून मंजूर होतो आणि पैसे शेवटच्या फुटावर परत जातात, असंही रोज बघतो. लोक म्हणतात ‘खातं आधारला लिंक आहे’. बँकेत आधार देणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकाबँकांमधले पैसे फिरवणाऱ्या संस्थेच्या) नकाशावर तुमचं खातं असणं वेगळं. सरकारी पैसा आधार क्रमांकावर सुटतो आणि त्या नकाशावर ज्या खात्याचं नाव असेल तिथे जाऊन पडतो. शेवटी जे खातं जोडाल ते तिथे बसतं. मुलं नवीन सिम घेतात, त्याबरोबर पेमेंट बँकेचं खातं उघडून घेतात, आधार देऊन अंगठा लावतात. मग वर्षभर पासबुक छापून घेतात इकडे, आणि पैसे पडलेत तिकडे. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, दोन मिनिटांचं काम आहे.
दुसरं, शाळेत असताना उघडलेली छोटी खाती. पुऱ्या कागदांशिवाय उघडलेल्या अशा खात्यात शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. सरकारी अनुदानाला शिल्लकेच्या मर्यादेतून नियमानं सूट आहे, तरी एवढी मोठी रक्कम अशा खात्यात अडकू शकते.  एकदा केवायसी पूर्ण करून साधं बचत खातं करून घ्या. मंजिरीताई, गेल्या वर्षी आले म्हणजे तुमचं बहुधा ठीक असेल, तरी बघून ठेवा.

नाना_राजेंद्रनगर
बापू, शैक्षणिक कर्जाचं काय? स्कॉलरशिपची वाट बघण्यापेक्षा ते बरं नाही का?

बँकेतला_बापू
नाना, ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं, अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर झाली, त्यात तारण नाही, जामीनदार नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. पण ती निवडक संस्थांपुरती, मंजुरीच्या वेळी ८६० होत्या. ताईंचं कॉलेज त्या यादीत आहे का ते बघावं लागेल. आणि खरं सांगू? १५ डिसेंबरच्या आत कर्ज हातात पडेल अशी आशा मी तरी माझ्या ग्राहकाला दाखवणार नाही. नोकरीवर पाणी सोडायचं नाहीये मला, एवढंच बोलतो.

टवाळ_तबेला
१८१ बद्दल कोणीच का बोलत नाही? मुख्यमंत्री हेल्पलाइन. मी केली होती. तक्रार केल्या केल्या दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन. इतक्या प्रेमानं तर माझ्या सासरहून येत नाही. ‘बेटा, कंप्लेंट वापस ले लो, काम हो जाएगा.’ मी भोळा, घेतली. काम झालं नाही.

फाइलवाला
तिथेच चुकलात. तक्रार बंद व्हायला तुमचं समाधान लागतं, तेवढा एकच दोर तुमच्या हातात असतो. काम झाल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत ‘संतुष्ट’ म्हणायचं नाही. खालच्या अधिकाऱ्यानं उत्तर दिलं नाही की ती एल-वनवरून एल-टू, असं करत वर चढते, म्हणून तर फोन येतो. पण माझा आग्रह, आधी कॉलेजात लेखी, मग १८१. त्यानंही काही कळलं नाही तर माहितीचा अधिकार : दहा रुपये, तीस दिवस. सरकारी कार्यालयात तरी हा कागद फिरतो, खाजगी कॉलेज हात वर करतं.

अनामिका२२
माझ्या बहिणीला गाँव की बेटी मिळायची, महिन्याला ५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ५,०००. एका वर्षी उशिरा आले, तिचं लग्न झाल्यावर. भावजींनी त्यात मिक्सर घेतला. आम्ही अजून त्याला स्कॉलरशिप म्हणतो. ‘स्कॉलरशिप लाव, चटणी करायचीय.’

जीरावण
धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. मिक्सर किती टक्केवाला आहे?

मंजिरी_सुदामानगर
चार दिवसांनी येतेय, बरंच घडलं.
स्नेहल, तुझ्या तोंडात साखर. नावाचंच निघालं. मुलीच्या मार्कशीटवर दोन शब्द, आधारवर तीन. गेल्या वर्षी समग्रमध्ये जुनंच नाव होतं म्हणून निभावलं. मे महिन्यात रेशनच्या कामासाठी मीच मोठ्या उत्साहानं सगळ्यांचं ई-केवायसी करून आले, कियोस्कवाल्याला वर चहासुद्धा पाजला. तिथेच नाव बदललं. त्या दुसऱ्या मुलाचंही तेच. त्याची आई आणि मी आता मैत्रिणी झालोय, कॉलेजच्या बाकावर बसून.
कॉलेजातल्या सरांनी फॉर्म उघडून बघितला होता, नाव जुळेना म्हणून बाजूला ठेवला. परत पाठवला असता, कारण लिहिलं असतं, तर ऑगस्टमध्येच कळलं असतं. मी विचारलं, सर, शेरा का नाही मारला? तर म्हणाले, ‘मॅडम, मला वाटलं तुम्हीच याल.’ मुलगा तिशीचासुद्धा नसेल. टेबलावर शंभरेक फाइली, डबा तसाच बंद. मला खूप भांडायचं होतं, वाक्यं रात्री पाठ केली होती. त्या डब्याकडे बघून निम्मी विसरले.
फाइलवालेकाकांच्या सांगण्याप्रमाणे अर्ज लिहिला, ‘आपल्या स्तरावर’ दोनदा लिहिलं. शिक्का घेतला. प्राचार्य आधी नियम सांगत होते, पोर्टलची प्रत पाहून म्हणाले किती भरता? मी २० हजार म्हटलं. ते ४०. शेवटी ३० वर तुटलं, सियागंजात किराणा घेतल्यासारखं. परीक्षा फॉर्म उघडून दिला. एफडी वाचली, अहोंच्या बोनसमधून झालं.
नावाचं म्हणाल तर आधार बदलायचं की मार्कशीट, यावर घरात दोन तट पडलेत. सासूबाईंचं म्हणणं, बापाचं नाव काढायचं नाही. सध्या शपथपत्र दिलंय की दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, सरांनी ते जोडून घेतलं.

नाना_राजेंद्रनगर
छान केलंत. तीस हजारांवर तुटलं म्हणजे माझंही थोडं खरं झालं आणि फाइलवाल्यांचंही.

फाइलवाला
नाना, तुमचं एक तृतीयांश खरं झालं. हिशेब अकाउंट्सवाल्यांना विचारा.
मंजिरीताई, शपथपत्रानं यंदा निभेल. पण मार्कशीटला हात लावायच्या फंदात पडू नका, बोर्डात ते वर्षानुवर्षं चालतं. आधारवरचं नाव मार्कशीटप्रमाणे करून घ्या, मग समग्र. पुढे पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे मार्कशीटच विचारतात. सासूबाईंना सांगा, वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो, तिथे ते कायम आहे.

स्नेहल_के
आणि तो मोतीबिंदू करून घ्या आता. पिकायची वाट बघू नका.

महूकर
आमच्या मावसभावाच्या मुलीला हा धागा पाठवलाय. तिचंही आधार जळगावला काढलेलं आहे, तीन शब्दांचं. आज संध्याकाळी बघतो म्हणाली.

मंजिरी_सुदामानगर
ताजी खबर. आज सकाळी स्टेटस बदललं. ‘संस्था स्तर पर लंबित’ गेलं.

बडोद्याचा_वासू
वा! आता काय दिसतंय?

मंजिरी_सुदामानगर
‘स्वीकृति स्तर पर लंबित’.

जीरावण
अभिनंदन. पोहे संपले, जिलबी मागवतो.